खंडेनवमीला घासलेला टोप

मिलिंद, काल खडवलीला तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं. त्रिसरण-पंचशील झालं, तुझ्या फोटोसमोर मेणबत्त्या लागल्या आणि "मिलिंदजींचे कामावरचे सर्वात जुने मित्र" म्हणून माझं नाव पुकारलं. मी उठलो. तू बफिंगला उभा राहिलास की पत्र्यात तोंड बघून भांग पाडता यायचा, असं बोललो. पंधरा माणसांच्या गाळ्यात तुझ्याएवढं वाचलेला कोणी नव्हता, असंही बोललो. तू कधी कोणाला उलटून बोलला नाहीस, असं म्हटलं, ती मात्र शुद्ध थाप. माझ्याशी तू बावीस वर्षं भांडलास. जे सांगायचं होतं ते सोडून सगळं सांगून मी खाली बसलो. शेजारच्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांना वाटलं, मी गहिवरलोय.

निघताना शोभा वहिनींनी एक कापडी पिशवी हातात दिली. तोंडाला नाडीने गाठ मारलेली. म्हणाल्या, "त्यांनी सांगून ठेवलेलं. अवी भावोजींना द्या म्हणून." हातात घेतल्यावर वजनावरून कळलं काय आहे ते. नको म्हणायला तोंड उघडलं, पण त्या वळून आत निघून गेलेल्या.

आणि करुणाने लेख मागितलाय. तुझी मुलगी स्मरणिका काढतेय, छोटीशी, घरच्यांपुरती. "काका, बाबांच्या कारागिरीबद्दल लिहा, पानभर पुरे." म्हणून दुपारपासून डोंबिवलीत डायनिंग टेबलावर बसलोय. समोर कागद, बाजूला पिशवी. सुनीता दोनदा विचारून गेली, ही पिशवी इथून हलवू का, जेवायला पानं कुठे मांडायची. म्हटलं, राहू दे. गाठ अजून सोडलेली नाही. खरं सांगू, दमलोय रे. तू गेल्याचं दुःख करायलाही अंगात काही उरलेलं नाही. आठ दिवस नुसता पडून आहे.

करुणाला गाळा नीट आठवत नसणार. मानपाड्याला, आत तिसऱ्या गल्लीत, एका बाजूला रंगाचं युनिट आणि दुसऱ्या बाजूला रबराचं. वासावरून कळायचं आज कोणाचं काम चालू आहे ते. मध्ये आपण, युरोपातल्या जुन्या सरदारांचे लोखंडी टोप बनवणारे. लोकांना सांगितलं तर हसायचे. डोंबिवलीत नाइट लोकांचे टोप? अरे हो, बनतात. तिकडे हौशी लोक ते घालून लुटुपुटीच्या लढाया करतात, हॉटेलवाले भिंतीवर लावतात. पत्रा ठोकायचा, रिवेट मारायचे, तुझ्याकडे बफिंगला यायचे. आणि मग त्यातले निम्मे पुन्हा खराब करायचे. मिठाचं पाणी, ऍसिडचा हात, ओल्या भुशात आठवडाभर पुरून ठेवायचे. गिऱ्हाइकाला जुनं दिसणारं हवं असायचं. सकाळी आरशासारखा केलेला टोप संध्याकाळी तूच भुशात गाडायचास आणि म्हणायचास, आपल्यासारखा खुळचट धंदा दुसरा नाही.

मी स्टोअरला होतो. आधी कटिंगवर होतो, पण पत्रा कापायच्या मशीनने डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक नेलं आणि शेठने मला स्टोअरच्या खुर्चीवर बसवलं. उपकार केल्यासारखंच बसवलं आणि तसं ते बोलूनही दाखवायचे. पेटीत काय आलं, काय गेलं, कपाटाच्या चाव्या, आणि वर्षाची खंडेनवमीची पूजा, एवढं माझं काम.

तो टोप आला तेव्हाचा तुझा चेहरा मला दिसतोय. इंग्लंडातलं आपलं म्हातारं गिऱ्हाईक, त्याला आपल्या टोपाचा बाक पसंत पडत नव्हता. चित्रं पाठवून झाली, मापं पाठवून झाली. शेवटी त्याने स्वतःजवळचा जुना टोप नमुना म्हणून पाठवला. पेंढ्यात गुंडाळलेला. डोक्यावर निमुळता, मागून मानेपर्यंत उतरलेला, पुढची तोंडावरची झडप कधीच गेलेली. काळा-तांबडा गंज, दोन ठिकाणी ठिगळं, आणि काठाला समोरासमोर दोन भोकं. सोबतच्या पत्रात लिहिलेलं की हा एका शेतावरच्या गोठ्यात सापडला. भोकांत तार ओवून लोक त्यात कोंबड्यांचे दाणे ठेवायचे. खरा पाचसहाशे वर्षांचा की नंतर कोणी केलेला, याबद्दल जाणकारांत दोन मतं आहेत. गंजाचा थर तपासायचा आहे, तेव्हा काहीही झालं तरी साफ करू नये.

ते पत्र तू वाचलंस. मी वाचलं नाही. मी पेटीची नोंद केली आणि कपाटाच्या कामाला लागलो.

तू तर त्या टोपाने झपाटलासच. म्हाताऱ्याने पाठवलेल्या कागदांतून, कुठल्या कुठल्या लायब्ररीतून वाचायचास आणि डबा खाताना आम्हाला ऐकवायचास. हजारोंनी बनले असतील रे हे टोप, आणि मोठ्या सरदारांचे जुने बंद टोप आज हाताच्या बोटांवर मोजावेत इतके उरलेत. गेले कुठे? लढाईत फुटले ते थोडे. बाकी वितळवले. फॅशन बदलली की जुन्या टोपाला कोण विचारतो, लोहाराकडे देऊन त्याचा नांगराचा फाळ केला. काही नदीत पडले, काही विहिरीत. एखादा बुरूज जळून कोसळला, तर ढिगाऱ्याखालचे तेवढे वाचले. आणि काही चर्चमध्ये वाचले, सरदाराच्या थडग्यावर टांगलेले.

मी म्हटलं, बघ, मानाने ठेवले ते राहिले. तुझी ती खोचक नजर. म्हणालास, कसला मान, अंत्यविधीवाले मिळेल तो जुना टोप उचलायचे, वर एक खिळा ठोकून लाकडी तुरा बसवायचे आणि टांगायचे. थडग्यातल्या सरदाराच्या डोक्याला तो कधी लागलाही नसेल. "जो लढला तो भंगारात गेला, अवी. जो मिरवला तो देवळात आहे." मग म्हणालास, आपल्याकडच्या भालाईतांचे टोप कुठे आहेत सांग. सरदारांचे म्युझियममध्ये दिसतात. तुझ्या-माझ्या खापरपणज्यांच्या डोक्यावर काय होतं, मुळात काही होतं का, हे कुठे ठेवलंय कोणी? मी बरणी पुढे केली. म्हटलं, लोणचं घे.

म्हाताऱ्याला तुझं काम फार आवडलेलं. त्याने शेठला लिहिलं, हा माणूस दोन महिने माझ्याकडे पाठवा, मी त्याला सगळी चर्चं हिंडवतो, खरे टोप हातात देतो. तू पासपोर्ट काढलास. फोटोसाठी माझा कोट नेलेलास, खांद्यात घट्ट होत होता. आमच्या घरी येऊन सुनीताला पासपोर्ट दाखवलास. तुला एवढा खूश मी त्याच्या आधी बघितला नव्हता, नंतरही नाही.

आता ती खंडेनवमी. लिहितोच.

तू दरवर्षीप्रमाणे दसऱ्यासाठी नागपूरला दीक्षाभूमीला निघालेलास, आदल्याच दिवशी. गाळ्यात आमची नेहमीची धांदल. हातोडे, ऐरणी, पकडी, सगळं रॉकेलने धुवायचं, घासायचं, मशिनी पुसायच्या, झेंडू बांधायचे. वर्षभर जुनाट करायचं काम, त्या एका दिवशी सगळं लखलखीत व्हायला हवं. संध्याकाळी बाकीचे हातपाय धुऊन निघून गेले, मी मांडामांड करत थांबलो. तुझ्या टेबलावर तो टोप होता. तू मापं घेता घेता तसाच ठेवून गेलेलास. मला वाटलं, एवढी सगळी हत्यारं चमकतायत आणि हा एकटा बिचारा गंजलेला. हेही शस्त्रच की. शस्त्राला आज अंघोळ नको?

ऍसिडमध्ये बुडवला. पॉलिश पेपर मारला. मग तुझ्या बफिंग मशीनवर धरला, जमेल तसा. तासाभरात तो चांदीसारखा झाला. आतून काही बफ पोचत नाही, आतला भाग ऍसिडने काळा पडला तो तसाच राहिला. मला काय आनंद झालेला, मिलिंद. तुला परत आल्यावर दाखवीन असं मनात होतं. सकाळी कुंकू कालवलं, सगळ्या हत्यारांना लावलं, टोप उचलून पाटावर मधोमध ठेवला, वर झेंडू. शेठ पाच मिनिटं येऊन नारळ फोडून गेले. नारळाकडेच लक्ष, टोपाकडे कोण बघतो. दुपारी बाहेरून पुसून मी तो तुझ्या टेबलावर ठेवला आणि घरी येऊन श्रीखंड खाल्लं.

दसऱ्यानंतर गाळा उघडला तेव्हा शेठच्या हातात ते पत्र होतं आणि समोर टोप. सगळ्यांना उभं केलेलं. तू नागपूरहून थेट आलेलास, बॅग खांद्यावरच. शेठ तुझ्यावर ओरडले, नमुना तुझ्या ताब्यात होता, हे काय आहे. त्यांनी दुसऱ्या कोणाला विचारलंच नाही. विचारायची गरजच वाटली नाही त्यांना, आणि ती का वाटली नाही हे तुलाही कळत होतं आणि मलाही. तू टोप हातात घेतलास. फिरवून बघितलास. उलटा करून आत बघितलास. मग म्हणालास, "जाण्याआधी मीच घासला. पत्र लक्षात नाही राहिलं."

मी तिथे होतो. तुझ्यापासून तीन हातांवर. कपाटाच्या चाव्या मुठीत धरून उभा राहिलो. नोकरी गेली तर अर्ध्या बोटाच्या माणसाला कोण उभं करतंय, हे डोक्यात होतं, ते खरं आहे, पण ते कारण म्हणून आता सांगत नाही. सांगायला हवं होतं. मला वाटलं, तू गोंधळलास, तुलाच वाटतंय की तू घासलास. मी स्वतःला हे असं समजावलं, बघ. दुपारी सांगू म्हटलं. मग उद्या. मग दिवाळी आली.

म्हाताऱ्याने थोडक्यात लिहिलं की आता टोपाचं वय कोणाला ठरवता येणार नाही, परत पाठवायची तसदी घेऊ नये. तुझ्या जाण्याबद्दल त्या पत्रात काही नव्हतं. पुढच्यातही नव्हतं. तुझा पासपोर्ट दहा वर्षं कोरा राहिला आणि मुदत संपून गेला. टोप भंगारच्या ढिगात पडलेला, तो तू मागून घेतलास आणि खडवलीला नेलास. काठाच्या त्या दोन भोकांत पुन्हा तार ओवलीस आणि मागच्या ओट्यावर टांगलास. वहिनी त्यात कपड्यांचे चिमटे ठेवायला लागल्या. मी म्हटलं, काय रे ही दशा. तर म्हणालास, अरे, गोठ्यात दाण्यांसाठी टांगला म्हणून तर एवढी वर्षं राहिला. चिमटे आहेत तोवर याला कोणी हात लावत नाही.

आणि मग आपलं भांडण. दर वेळी मी खडवलीला आलो की चहाबरोबर तेच. तू म्हणायचास, टोप खरा आहे, आतले हातोड्याचे ठोके बघ, हे आपल्यासारख्या मशीनवाल्याचं काम नाही. मी म्हणायचो, हट्, कुठल्या तरी लोहाराने शंभर वर्षांपूर्वी नाटकासाठी केलेला असणार. तू म्हणायचास, चिमटे काढ आणि आत बघ तरी. मी म्हणायचो, बघायला काय आहे त्यात. किती वेळा म्हणालास, आत बघ. मला तो खोटाच हवा होता, मिलिंद. खोटा असला तर मी फक्त एक गंजका डबा घासला. खरा असला तर मी काय घालवलं, आणि तुझं काय घालवलं, याचा विचारच करवत नव्हता. म्हणून बावीस वर्षं भांडलो.

एकदा तू वाचून दाखवलेलंस, की तिकडच्या किल्ल्यांतल्या कोठारांतले कितीतरी टोप घासून घासून गेले. नोकर लोक वाळूने, विटेच्या भुग्याने दरवर्षी लख्ख करायचे, पार पत्रा पातळ होईपर्यंत. वाचून चष्मा काढलास आणि म्हणालास, दुष्मनाने घालवले नाहीत एवढे प्रेमाने घासणाऱ्यांनी घालवले. मला वाटलं, टोमणा मारतोयस. त्या दिवशी मी चहा अर्धा टाकून निघालो आणि दोन महिने फिरकलो नाही. आता आठवतंय, तू "प्रेमाने" म्हणालेलास.

शेवटचा आलेलो तेव्हा तू खाटेवर, ऑक्सिजनची नळी लावलेली. बोलताना धाप लागायची. त्या दिवशी सांगायचंच असं ठरवून आलेलो, गाडीत वाक्यंही जुळवलेली. वहिनी आत होत्या, आपण दोघंच. मी खुर्ची पुढे ओढली. तूही माझ्याकडे बघत राहिलास, कसली तरी वाट बघत असल्यासारखा. मी विचारलं, जेवण जातंय का. तू डोळे मिटलेस. थोड्या वेळाने म्हणालास, "अवी, तो टोप तू घेऊन जा." मी म्हटलं, मग वहिनी चिमटे कुठे ठेवतील? तू हसलास, हसता हसता खोकला लागला, वहिनी धावत आल्या आणि मी उठलो.

सुनीता आत्ता तिसऱ्यांदा आली आणि काही न विचारता पिशवीची गाठ सोडून गेली.

काढलाय बाहेर. घासलेला तो अजून घासलेलाच आहे, गंजाचा ठिपका नाही. त्यावर लॅकर मारलंय तू, आपण निर्यातीच्या मालावर मारायचो तसं पारदर्शक. चिमटे काढून टाकलेत, तो रिकामा आहे. उलटा केला.

आतून काळाच आहे. हातोड्याचे ठोके आहेत, तू म्हणायचास तसेच, एकाशेजारी एक, हाताने मारलेले. आणि काठाजवळ, आतल्या अंगाला, चार बोटं उमटलेली आहेत. कुंकवाची. तपकिरी पडलीत, पण साफ दिसतात. पूजेच्या सकाळी ओल्या हाताने टोप उचलून पाटावर ठेवला, तेव्हाची. तीन पूर्ण आणि मधलं एक आखूड. आतही लॅकर मारलंयस. पुसलं असतंस तर एका फडक्याने गेली असती ती, पण तू त्यांवरून हलक्या हाताने लॅकर फिरवलंयस, एक रेघ फिसकटलेली नाही.

वहिनींना फोन लावला. म्हटलं, वहिनी, तो टोप मिलिंदने नाही, मी घासलेला. पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "माहीत आहे, भावोजी. आल्या दिवशीच सांगितलेलं त्यांनी मला."

त्या भांडल्या होत्या म्हणे तुझ्याशी. जा आणि शेठला खरं सांगा, एवढा पासपोर्ट काढलाय, असं रडून सांगितलेलं. तू म्हणालास, मी सांगितलं तर त्याची नोकरी जाईल, आणि मी सांगून काय उपयोग, अवीला सांगू दे. मला राग होता तुमचा, असं म्हणाल्या, आणि अजून आहे थोडा, खोटं कशाला बोलू. मी विचारलं, मग? मग काय म्हणाला तो?

"मग काय," त्या म्हणाल्या. "वाट बघितली त्यांनी."

मी विचारलं, हे करुणाच्या स्मरणिकेत देऊ का, सगळं, आहे तसं. म्हणाल्या, तुमचं तुम्ही बघा, त्यांनी तर कधी कोणाला सांगितलं नाही. आणि फोन ठेवला.

देतोय. करुणा, पानभर मागितलेलंस, जास्त झालं. कापू नकोस.

मिलिंद, टोप खरा आहे. तू म्हणायचास तेच बरोबर, मी हरलो. आत्ता तो मांडीवर घेऊन बसलोय आणि त्या खुणांवर बोटं ठेवून बघितली. बसतात अजून.